पुढच्या दाराचा मासा

त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर कॉरिब तलावावर माशी, म्हणजे तळातून पंख फुटून येणारी मेफ्लाय, वर आली आणि आमच्या गावातल्या एकाही माणसाला मासा लागेना.

बाहेरून आलेल्यांना लागत होते. डब्लिनहून दातांचा एक डॉक्टर आला होता. बोटीत कुठे तोंड करून बसायचं हेसुद्धा त्याला सांगावं लागत होतं. तोही रोज संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर ट्राउट मांडून फोटो काढून घेत होता. आणि आमचे लोक, ज्यांची अर्धी हयात याच पाण्यावर गेली, ते रिकाम्या हातांनी परत येऊन मर्टी कनीलीच्या पबमध्ये वाऱ्याला शिव्या घालत बसायचे. वारा बिचारा उत्तम होता. नैऋत्येचा, ढगाळ, पाण्यावर हवी तेवढीच लाट उठवणारा.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोलत नव्हतं. त्या कारणाचं नाव फेस्टी मुल्केरिन.

आमच्याकडे एक रीत आहे. माशी वर आल्यावर गावातल्या माणसाला जो पहिला ट्राउट मिळतो तो त्याने स्वतः खायचा नाही. ज्याला आता तलावावर जाणं होत नाही अशा कुणाच्या तरी घरी तो न्यायचा, आणि न्यायचा तो पुढच्या दाराने. हे पुढचं दार म्हणजे मोठं प्रकरण आहे. एरवी आम्ही एकमेकांकडे मागच्या दाराने जातो, कडी उचलून, न विचारता, चिखलाच्या बुटांसकट. पुढचं दार उघडतं ते फादरसाठी, शवपेटीसाठी आणि या पहिल्या माशासाठी. मासा नेणाऱ्याने दार वाजवायचं आणि बाहेर थांबायचं. ज्याच्यासाठी आणला त्याने स्वतः येऊन दार उघडायचं. घरातल्या दुसऱ्या कुणी उघडलेलं चालत नाही.

ऐकायला गोड वाटतं. पण त्यात एक मेख आहे. ज्याच्या दाराशी एकदा तो मासा गेला तो माणूस पुन्हा बोटीत बसलेला कुणी पाहिला नाही. तशी बंदी कसलीच नाही. पण दार उघडलं म्हणजे आपण आता किनाऱ्यावरचे झालो, हे त्या माणसाने कबूल केलं असं सगळे धरून चालतात. त्यात तो स्वतःही आला.

फेस्टीला फेब्रुवारीत झटका आला. गोठ्यामागून जळणाची टोपली आणताना खाली बसला, तो आपल्या पायांनी उठला नाही. डावा हात गेला, डावा पाय अर्धा परत आला. यंदा बोटीत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. फेस्टीने ‘यंदा’ हा शब्द तेवढा पकडला. पुढच्या वर्षी मी पुन्हा वल्ह्यावर बसणार, असं तो भेटेल त्याला सांगायचा. मर्टी त्याला भेटायला इस्पितळात गेला तेव्हा फेस्टीने त्याच्यामार्फत गावाला निरोपच धाडला: यंदा माझ्या पुढच्या दाराशी जो कुणी मासा घेऊन येईल त्याला तो मी उंबऱ्यावर उभं करून कच्चा खायला लावीन, डोक्यापासून.

एरवी ही धमकी हसण्यावारी गेली असती. पण इतकी वर्षं तो मासा जिच्याकडे जायचा ती ऑनर लायडन म्हातारी नाताळात गेली. तरुणपणी ती एकटी बोट वल्हवत भर तलावात जायची, आणि पुरुषांपेक्षा जास्त मासे आणून वर त्यांना वजनही सांगायची. ती गेल्यावर गावात पहिला मासा न्यावा असं एकच दार उरलं. आणि त्या दाराशी जायची कुणाची छाती नव्हती.

मग काय, न बोलता, न ठरवता अख्ख्या गावाने मासे न धरायचं ठरवलं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्याकडे जिवंत माशीने मासे धरतात. बोट वाऱ्याला आडवी सोडायची, लांब काठी उभी धरायची, हलका दोरा वाऱ्यावर पुढे तरंगू द्यायचा आणि गळाला लावलेल्या माश्या पाण्याला जेमतेम टेकतील अशा नाचवायच्या. ट्राउट वर येतो, माश्या तोंडात घेतो. या क्षणी अंगातलं हाडन् हाड सांगतं, ओढ. आणि ओढायचं नाही. काठी खाली करायची, मासा तोंड मिटून, वळून खाली जाईपर्यंत थांबायचं, मग ओढायचं. घाई केली की मासा जातो आणि गळ रिकामा परत येतो.

त्या वर्षी सगळे घाई करत होते. मर्टीसारखा माणूस, ज्याने लग्नाच्या दिवशी सकाळी मासे धरले आणि त्याच बुटांनी चर्च गाठलं, तो काठी तापल्यासारखी झटकत होता. एकदा तरीही मासा लागलाच. आपणहून, गाढवासारखा. मर्टीने इकडे तिकडे बघून तो सोडून दिला. पबमध्ये कुणीतरी विचारलं तर म्हणाला, लहान होता. किती लहान? तर म्हणे, माझ्या कुत्र्याएवढा. त्याचा कुत्रा मेंढ्या राखतो.

मी गावातल्या दुकानात असतो, गुरांचं खाद्य, खिळे आणि रबरी बूट विकतो. संध्याकाळी दुकान बंद करून मीही पाण्यावर जात होतो. पण माझी युक्ती निराळी. मी आदल्या दिवशीच्या मेलेल्या माश्या लावत होतो. मेलेली माशी नाचत नाही, भिजल्या पावाच्या तुकड्यासारखी पडून राहते. कुठलाही स्वाभिमानी ट्राउट तिच्याकडे ढुंकून बघत नाही. फेस्टीने हे पाहिलं असतं तर मला बोटीतून खाली ढकललं असतं.

ढकलायचा त्याला हक्कही होता. पाहुण्यांना तलावावर नेणारा तो बोटवाला. कोट आणि टाय घातल्याशिवाय तो बोटीत बसत नसे. मासे आपल्याकडे बघत असतात, असं त्याचं म्हणणं. एका जर्मन पाहुण्याने त्याला विचारलं होतं, इथे किती खोल आहे? फेस्टी म्हणाला, तळापर्यंत. पाहुण्याने ते गंभीरपणे मान हलवून ऐकून घेतलं. फेस्टीने लग्न केलं नाही. तलावाकाठच्या घरात तो आणि त्याची बहीण बिना राहायचे, आणि दोघं दिवसभर एकमेकांच्या चुका काढायचे. दोघांनाही त्यात कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

गॉलवेच्या कॉलेजात जायचं माझं हुकलं तो उन्हाळा मी भिंतीकडे तोंड करून लोळत काढला. आईने बोलून पाहिलं, मामाने ओरडून पाहिलं. एका सकाळी मागच्या दाराची कडी उचलून फेस्टी थेट माझ्या खोलीत आला आणि म्हणाला की बोटीत पाणी साठलंय, उपसायला माणूस हवाय, आणि गावात रिकामटेकडा असा तूच दिसतोस. मी चिडून उठलो, धक्क्यावर गेलो. बोट कोरडी ठणठणीत होती. त्याबद्दल तो काहीच बोलला नाही. वल्हं माझ्या हातात दिलं. त्या वर्षी माशी संपेपर्यंत मी रोज त्याच्या बोटीत होतो, आणि कॉलेजाचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. त्या दिवसांपासून मी बरा माणूस आहे, निदान उभा असलेला.

तर त्या शुक्रवारी बिना दुकानात आली आणि कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं मागू लागली. सोमवारीच तिने एक नेलं होतं. म्हटलं, बिना, कोंबड्या पाळल्यात का घोडे?

“जास्त बोलू नकोस,” ती म्हणाली. “त्याने तुला बोलावलंय. कशाला ते मला विचारू नकोस. फेब्रुवारीपासून तो माणूस दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. त्याच्या तोंडून आता नवीन काही ऐकायची माझी ताकद नाही.”

संध्याकाळी मागच्या दाराने गेलो. फेस्टी खिडकीशी बसला होता, मांडीवर दुर्बीण. समोर सगळा तलाव पसरलेला, बेटं, त्यांच्या आडोशाने चाललेल्या बोटी. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, “तिकडे कोण मेलंय का रे?”

मी म्हणालो, कुठे?

“पाण्यावर. सगळे सुतकात असल्यासारखे मासे धरतायत.”

“मासे यंदा खाली आहेत,” मी म्हणालो.

“मासे खालीच असतात, लेका. मर्टीला पाहिलं मी परवा. बेटाच्या टोकाशी भला मोठा मासा आला, माश्या घेतल्या, आणि याने दात उपटावा तसं ओढलं. तो दातांचा डॉक्टरसुद्धा असं करत नाही.”

बिनाने किटली चुलीवर ठेवली ती जरा आपटूनच.

“माझ्यामुळे ना?” फेस्टी म्हणाला.

मी म्हणालो, असं कुणी ठरवलेलं नाही.

“ठरवलं असतं तर बरं होतं. निदान एखाद्याने विरोध तरी केला असता.”

मग तो बराच वेळ बोलला. आजारपणामुळे त्याचे शब्द थोडे घसरत होते, पण राग सरळ होता. म्हणाला, माशी बिचारी वर्षांमागून वर्षं चिखलात काढते, तेव्हा कुठे तिला पंख मिळतात, तेही दिवस-दोन दिवसांपुरते. तिच्या मागे मासे वर येतात, माशांच्या मागे तुम्ही. हे सगळं वर्षातून एकदा, जेमतेम दोन-तीन आठवडे. आणि तुम्ही माझ्या नावाने ते वाया घालवताय. मी झटक्याने मेलो नाही, पण तुम्ही मला या लाजेने मारणार.

मी म्हणालो की कच्चा मासा खायला लावायची धमकी आम्ही दिली नव्हती.

यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. दुर्बीण खिडकीत ठेवली आणि ऑनर लायडनविषयी बोलू लागला. इतकी वर्षं बहुतेकदा पहिला मासा फेस्टीलाच मिळायचा आणि तोच तिच्याकडे न्यायचा. दार वाजवून बाहेर उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, किती वेळ लावते ही बाई, मासा सुकत चाललाय.

“मला वाटायचं तिचा संधिवात,” तो म्हणाला.

“होताच की तिला संधिवात,” बिना म्हणाली.

“होता. पण ती आधीच दारामागे येऊन उभी असायची. तिचा श्वास ऐकू यायचा मला. दरवर्षी मासा देऊन मी मोठ्या रुबाबात घरी यायचो, जणू मीच काहीतरी दिलं. ते दार उघडताना तिने काय दिलं, ते मला या खुर्चीत बसल्यावर कळलं.”

चहा झाला. माझ्या कपात बिनाने न विचारता साखर जास्त घातली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“उद्या तुझी सुट्टी,” फेस्टी म्हणाला. “वारा असाच राहील. घेऊन ये.”

“आणि कच्चा खावा लागला तर?”

“येताना मीठ आण.”

सकाळी मी मर्टीला उठवलं आणि सांगितलं. तो पायमोजे हातात घेऊन पलंगावर बसला होता. “सुटलो रे देवा,” म्हणाला आणि तसाच अनवाणी धक्क्याकडे निघाला. बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडलेली होती आणि फांदीफांदीवर माश्या बसल्या होत्या, शेपट्या वर करून. ताज्या बघून पेटीत भरल्या. मर्टीने वल्हं धरलं. जवळपासच्या बोटींतले लोक आमच्याकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते.

दुपारी किनाऱ्यावर बटाटे उकडले, चहा केला. तोवर नुसतीच लाट. मग पुन्हा बोट आडवी सोडली. माझ्या माश्या दोन लाटांमध्ये नाचत होत्या आणि माझ्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं, तेवढ्यात पाणी शांतपणे उघडलं आणि मिटलं. शिंतोडा नाही, आवाज नाही. माश्या होत्या तिथे नव्हत्या.

इतके दिवस लवकर ओढायचा मी सराव केला होता, आणि हात तयारच होता. मर्टी माझ्या कानाशी हळूच म्हणाला, “थांब.” मी काठी खाली केली. दोरा सैल पडला. त्या वेळात मला फेस्टीची खुर्ची दिसली, दुर्बीण दिसली, आणि वाटलं की आत्ता निसटला तर बरं. मग दोरा सरळ झाला आणि खाली ओढला जाऊ लागला, आणि मी काठी उचलली.

दोन पौंडांना थोडा कमी भरला. अंगावर काळे ठिपके, पोट लोण्यासारखं पिवळं. मर्टीने तो जाळ्यात घेतला तेव्हा शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. नंतर तासाभरात अख्ख्या तलावावर आमच्या लोकांच्या काठ्या वाकू लागल्या. सगळ्यांचे हात अचानक शहाणे झाले होते.

मी घरी जाऊन अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला, खिशात मिठाची पुडी टाकली आणि निघालो. ऊन अजून तलावावर होतं. फेस्टीच्या पुढच्या दाराकडे जाणारी वाट गवताने भरली होती. त्याच्या आईच्या अंत्ययात्रेनंतर ते दार उघडलेलंच नव्हतं. हिरवा रंग फुगून त्याचे पोपडे सुटले होते. मी मासा लव्हाळ्याच्या दोरीला लावून धरला आणि दार वाजवलं.

आत काठीचा आवाज आला, मग एक पाऊल, मग ओढलेलं दुसरं. दारापाशी येऊन आवाज थांबला. पुढे काहीच नाही. श्वास ऐकू येत होता.

मी उभा राहिलो. फाटकाशी मर्टी आला होता, त्याच्यामागे आणखी दोघंतिघं. सगळे कुंपणाच्या झुडपात काहीतरी हरवल्यासारखे वाकून बघत होते.

शेवटी कडी सरकली. दार हललं नाही. पुन्हा ओढल्याचा आवाज, पुन्हा काही नाही. ओलीने फुगलेलं लाकूड चौकटीत घट्ट बसलं होतं, आणि फेस्टीचा एकच हात चालत होता. बिनाचा आवाज आला, मी ओढू का, आणि फेस्टीने तिला दूर राहायला सांगितलं. काठी जमिनीवर पडली. त्याने पुन्हा ओढलं. मला वाटलं, मागच्या दाराने जावं, मासा टेबलावर ठेवावा आणि हे सगळं संपवावं. त्याला आता यातून मोकळं करावं. पण पाय हलले नाहीत. मागच्या दाराने नेला असता तर तो नुसता मासा झाला असता.

बऱ्याच वेळाने, अगदी दाराला तोंड लावल्यासारखा, तो म्हणाला, “एंडा.”

“आहे मी.”

“ढकल.”

मी म्हणालो, पण दार तू उघडायचंस.

“मीच उघडतोय. मी आतून ओढतोय, तू बाहेरून ढकल. रीत मला नको शिकवूस.” थोडं थांबून तो म्हणाला, “एकट्याने नाही होत रे.”

मी मासा डाव्या हातात वर धरला आणि उजवा खांदा दाराला लावला. त्याने आतून तीन म्हटलं. एक आणि दोन त्याने मनातच मोजले असावेत. दार किंचाळत उघडलं. मी जवळजवळ त्याच्या अंगावर गेलो, आणि हिरव्या रंगाचे पोपडे आम्हा तिघांवर पडले, मी, तो आणि मासा.

फेस्टी भिंतीला टेकून उभा होता. पांढरा शर्ट, कोट, टाय. गाठ बिनाने बांधली असणार, कारण ती जरा जास्तच आवळलेली होती. कपाळ घामाने ओलं. त्याने माशाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून तलावाकडे, बोटींकडे. मग उजवा हात पुढे केला आणि लव्हाळ्याची दोरी माझ्या हातातून घेतली.

“त्या कुंपणात काही सापडलं का, विचार,” तो म्हणाला. “नाहीतर आत या म्हणावं सगळ्यांनी.”

सगळे आले, पुढच्या दाराने, चिखलाच्या बुटांसकट. बिनाने डोक्याला हात लावला आणि मोठा तवा काढला. एका माशात इतके जण म्हणजे प्रत्येकाला दोन घास. पण मर्टीने आपले दोन मासे गाडीतून आणले, टोपीवाल्या म्हाताऱ्याने एक, आणि लोण्याचा वास घरभर झाला. बटाटे, पाव, काळा चहा. फेस्टीला पहिल्या माशाचा मधला तुकडा दिला. त्याने सावकाश खाल्ला, एका हाताने काटे काढत. कुणी मदत केली नाही आणि कुणी बघितलं नाही. खाऊन झाल्यावर म्हणाला की रंगाची चव लागतेय. मर्टी म्हणाला, हिरवा रंग तब्येतीला चांगला. मग मर्टीने बेटाच्या टोकाशी सोडलेल्या माशाचा विषय निघाला आणि फेस्टीने त्याला सगळ्यांदेखत इतकं झोडपलं की मर्टी लाल होऊन हसत सुटला. फेब्रुवारीनंतर इतका मोठा आवाज त्या घरात पहिल्यांदाच झाला असेल.

मी निघायला उठलो तशी बिनाने आणखी एक बटाटा माझ्या ताटात टाकला. फेस्टी माझ्याकडे वळला.

“पुढच्या वर्षी इतका उशीर करू नका,” म्हणाला. “माशी वर आली की लगेच आणायचा. तोवर दार तासून ठेवतो.”

टेबलाभोवतीचे सगळे एकदम आपापल्या ताटात बघू लागले. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, “उपकार झाले, लेका.”

खरं म्हणजे ते वाक्य माझं होतं. त्या कोरड्या बोटीच्या उन्हाळ्यापासून मी ते जवळ बाळगून होतो, आणि बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. पण माझ्या तोंडात अख्खा बटाटा होता आणि तो गरम होता, म्हणून मी नुसती जोरजोरात मान हलवली.